वेदना नऊ, आणि बोटांवर ताल

10 ऑक्टोबर 2025, शुक्रवार. रात्रपाळीचा चार्ज देताना दिवसपाळीच्या सिस्टरने सांगितले की, चौदा नंबरच्या खाटेवर सिकलसेलचा मुलगा सायंकाळी भरती झाला आहे, सलाईन सुरू आहे, पॅरासिटामॉल दिले आहे आणि आता तो शांत आहे. मुलगा माझ्या ओळखीचा निघाला. उत्तर नागपुरातल्या इंदोरा भागातला, एकोणीस वर्षांचा, एसएस पॅटर्नचा, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सिकलसेलचे जनुक आलेला. मी बालरुग्ण विभागात होते तेव्हापासून, म्हणजे तो दुसरीत असल्यापासून, त्याला पाहत आले आहे. हे सारे मी त्याला विचारूनच लिहीत आहे. नाव मात्र देत नाही.

मी खाटेजवळ गेले तेव्हा तो डोळे मिटून पडला होता. छातीवर मोबाइल होता आणि उजव्या हाताची दोन बोटे खाटेच्या लोखंडी दांडीवर एका लयीत आपटत होती. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन पाहिले. वेदनेच्या रकान्यात शून्य ते दहापैकी आकडा लिहायचा असतो. ताल धरून पडलेल्या मुलाकडे पाहून मी त्याला न विचारताच चार लिहिले. त्याने डोळे उघडून कागदाकडे पाहिले.

“सिस्टर, नऊ आहे जी. तुम्ही चार लिहून राहिल्या.”

मी म्हटले, “अरे, तू तर गाणे वाजवल्यासारखा ताल धरून पडला आहेस.”

“ताल धरला म्हणून तर आवाज नाही निघून राहिला. सोडला तर अख्खा वॉर्ड डोक्यावर घेईन.”

सतरा वर्षांच्या नोकरीनंतर ही चूक माझ्या हातून व्हायला नको होती. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि कडक होतात, एरवी साधारण 120 दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते, आणि या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या हाडाला, स्नायूला रक्त पोहोचत नाही. ती वेदना हाडाच्या आतली असते. बाहेर जखम नसते, बऱ्याचदा सूजही नसते आणि एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो. म्हणून या रुग्णांना जन्मभर कोणी ना कोणी “एवढे कुठे दुखते?” असे विचारत राहतो, आणि त्या रात्री ते विचारणारी मी होते. मी चारवर रेघ मारून नऊ लिहिले, निवासी डॉक्टरांना बोलावून आणले आणि त्यांनी तपासून लिहून दिलेले ट्रामाडॉल या वेदनाशामकाचे इंजेक्शन दिले.

औषध लागू पडेपर्यंत मी जवळ थांबले, तेव्हा दुखणे उठण्याचे कारण कळले. तो आणि त्याचा बालमित्र मिळून रॅप करतात. एक शब्द लिहितो, दुसरा लॅपटॉपवर संगीत बांधतो, गातात दोघेही. दोन दिवस पत्र्याच्या खोलीत, ऑक्टोबरच्या उन्हात, पाण्याची आठवण न ठेवता त्यांचा सराव चालला होता. अंगातले पाणी कमी झाले की पेशी वाकायला वेळ लागत नाही. शुक्रवारी पहाटे चार वाजता पाठ आणि मांड्या धरल्या. त्याला सर्वांत जास्त खंत वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या जोडीमुळे ही दोघे रॅपकडे वळली, त्या मॉब डीपचा नवा अल्बम नेमका त्याच दिवशी आला होता आणि दोघांनी तो एकत्र ऐकायचे कित्येक आठवड्यांपासून ठरवले होते. मित्राने दिवसभरात तो उघडलासुद्धा नव्हता. आमच्या वॉर्डात रात्री एकच नातेवाईक थांबू शकतो, आणि खाटेशेजारी मुलाची आई होती, म्हणून तो बाहेर जिन्यावर बसून राहिला होता.

मला तोवर या जोडीचे नावही माहीत नव्हते. त्या रात्री मुलाने तुकड्या-तुकड्याने सांगितले आणि पुढच्या काही दिवसांत मी स्वतः वाचले, ऐकले. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी घरांच्या वसाहतीशी नाते सांगणारे हॅवॉक आणि प्रॉडिजी शाळेत एकमेकांना भेटले आणि पंचविशीही गाठली नसताना, 1995 मध्ये, त्यांनी ‘द इन्फेमस’ हा अल्बम काढला, जो हार्डकोअर हिप-हॉपमध्ये, म्हणजे रॅपच्या आक्रमक प्रकारात, आजही मापदंड मानला जातो. त्यांचा आधीचा अल्बम 2014 चा. त्यानंतर अकरा वर्षांनी आलेला हा ‘इन्फिनिट’ त्यांचा नववा आणि शेवटचा, कारण प्रॉडिजी 20 जून 2017 रोजी, बेचाळीस वर्षांचा असताना गेला. त्याने आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या ओळींभोवती हॅवॉकने आणि त्यांचा जुना साथीदार दि अल्केमिस्ट याने संगीत उभे केले आहे.

आणि प्रॉडिजीला जन्मापासून सिकलसेल होता. हे सांगताना मुलगा पहिल्यांदा कोपरावर उठून बसला. “तो पण एसएस होता, सिस्टर. आपल्या वॉर्डातला माणूस.”

प्रॉडिजीने 2000 साली आपल्या एकट्याच्या अल्बममध्ये या आजारावर एक पूर्ण गाणे केले आहे. त्याच्या शीर्षकाचा आशय असा की, माझी वेदना तुम्हाला कधीच जाणवणार नाही. मुलगा ते गाणे चौदाव्या वर्षी ऐकल्यापासून लिहायला लागला. त्याचे आजोबा जयंतीच्या गायन पार्टीत ढोलक वाजवीत असत. प्रॉडिजीचे आजोबा बड जॉन्सन हे जॅझमधले नावाजलेले सॅक्सोफोनवादक होते, हेही त्याला पाठ होते आणि या साम्याचा त्याला फार अभिमान होता.

बाराच्या सुमारास वेदना सहावर आली. आई खाटेखाली चटईवर झोपली होती. त्याने जिन्यावरच्या मित्राला फोन लावला, दोघांनी तीनपासून एकपर्यंत आकडे मोजले आणि एकाच क्षणी अल्बम सुरू केला, एक भिंतीच्या आत आणि एक बाहेर. बाकीच्या खाटांची फेरी करून मी परत आले तेव्हा त्याने इअरफोनचे एक टोक माझ्यापुढे धरले. ड्युटीवर हे योग्य नव्हे, तरीही दोन गाणी मी उभ्याने ऐकली.

इंग्रजी शब्द भरभर निघून जात होते आणि त्यांतले फार थोडे कळले. जे कळले त्यातली बंदुकीची आणि धमकीची भाषा मला त्या वेळीही आवडली नाही, आजही आवडत नाही. तसे मी त्याला सांगितलेही. पण दोन आवाजांतला गेलेल्या माणसाचा कोणता, हे मला न सांगता ओळखू आले. तो आवाज चढत नव्हता. पट्टी खाली ठेवून, घाई न करता, जणू प्रत्येक शब्दाला किती श्वास द्यायचा हे आधीच ठरवून तो बोलत होता. ज्यांना लहानपणापासून दुखते ते रुग्ण असेच बोलतात: ओरडण्यात शक्ती जाते हे त्यांना फार लवकर कळलेले असते. चौदा नंबरच्या खाटेवर मला दोन तासांपूर्वी “नऊ आहे जी” हे ज्या स्वरात ऐकू आले होते, तोच हा स्वर होता. आणि त्या आवाजामागचे संगीत कुठेही त्याच्या अंगावर येत नव्हते, त्याच्यासाठी जागा सोडून चालले होते. आठ वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राच्या ओळींसाठी अशी जागा राखून ठेवणाऱ्या हॅवॉकविषयी मला मनापासून आदर वाटला.

अल्बम मध्यावर आला असेल तेव्हा मुलाने तो थांबवला आणि विचारले, “तो पण दवाखान्यातच गेला ना, सिस्टर? लास वेगासला उन्हात प्रोग्राम केला, मग भरती झाला. माझ्यासारखंच.”

अशा प्रश्नाला “असा विचार करू नये रे” असे उत्तर देण्याची आमच्याकडे पद्धत आहे. ते मी दिले नाही. सिकलसेलच्या त्रासामुळे प्रॉडिजी भरती झाला होता हे खरे, पण मृत्यू रुग्णालयात असताना अपघाताने गुदमरून झाल्याचे नंतर तपासणीत जाहीर झाले, हे मुलाला माहीत होते. त्याला माझ्याकडून वेगळे काही हवे होते. मी त्याला विचारले, हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज घेतोस का? त्याने मान खाली घातली. तीन आठवडे घेतली नव्हती. शिबिरात, बाह्यरुग्ण विभागात मी हजार वेळा सांगितलेली गोष्ट मग मी पुन्हा सांगितली: ही गोळी रक्तात लहान बाळाच्या रक्तात असते तशा प्रकारचे हिमोग्लोबिन वाढवते, ते असले की पेशी सहजी वाकत नाहीत आणि अशी दुखणी कमी वेळा येतात, ती दुखताना घ्यायची नसते, न दुखतानाही रोज घ्यायची असते. प्रोग्राम कर, पण पाण्याची बाटली माइकइतकीच जवळ ठेव. तो ऐकत होता. एरवी या वाक्यांवर त्याची नजर खिडकीबाहेर जात असे.

पाठ दुखत असल्यामुळे तो श्वास अर्धाच घेत होता, आणि अशा उथळ श्वासातून फुप्फुसाचा जो गंभीर त्रास उद्भवू शकतो त्याची आम्हाला सर्वाधिक धास्ती असते. तो टाळण्यासाठी तीन चेंडूंचे स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचे साधन, देतात. जागेपणी दर दोन तासांनी दहा खोल श्वास ओढून चेंडू वर उचलायचे. नेहमी तो तीन-चार श्वासांत कंटाळतो. मी म्हटले, आत्ता दहा घे, मग पुढचे गाणे. त्याने मित्राला फोनवर सांगितले की थांब, माझे श्वास चालू आहेत. जिन्यावरून मित्राने एक ते दहा मोजले. सहाव्या श्वासाला तिसरा चेंडू हलला.

पहाटे साडेपाचला वेदना पाच होती, ताप नव्हता, ऑक्सिजन सत्त्याण्णव. आई चहा आणायला खाली गेली तेवढ्या वेळात मी मित्राला आत घेतले. रात्रभर एकच अल्बम ऐकलेली ती दोन मुले पहिल्या पाच मिनिटांत भांडायला लागली, कारण एकाला नास या पाहुण्या रॅपरबरोबरचे एक गाणे सर्वांत सरस वाटले होते आणि दुसऱ्याला रेक्वॉन आणि घोस्टफेस किला हे पाहुणे रॅपर असलेले. दांडीवरची बोटे थांबली होती. मी चार्ज देण्यासाठी वहीत आकडा लिहिला, या वेळी त्याला विचारून.