मार्गशीर्षातला बुधवार आणि अख्खा भोपळा

२६ डिसेंबर २०२४, गुरुवार. रात्रीचे साडेदहा.

कालच लिहायला बसणार होतो पण भांड्यातच बारा वाजले, आणि त्यातली निम्मी भांडी मीच काढलेली, त्यामुळं बायकोनं साफ सांगितलं की ज्यानं भोपळा भाजला त्यानंच ट्रे घासायचा. बरोबरच आहे म्हणा. जळका रस तारेच्या घासणीनंसुद्धा निघत नाही, गूळच तो.

तर काल नाताळची सुट्टी, धाकटा भाऊ पोरांना घेऊन पुण्याहून आलेला, त्यात बुधवार. कोल्हापुरात सुट्टी, बुधवार आणि घरात पाहुणे असं जुळून आलं की जेवायला काय हे कुणी विचारत नाही, सकाळी सातलाच डबा घेऊन मटणाच्या दुकानापुढं उभं राहायचं. पण पडला मार्गशीर्ष. बायको गुरुवार धरते त्यामुळं आमच्यात महिनाभर मटण, अंडं सगळं बंद, सोमवारी ३० तारखेला अमावस्या होईपर्यंत. भावानं निघायच्या बऱ्याच आधी फोन केला, "दादा, मग जेवायला काय?" मी म्हणलं अरे भरलं वांगं आहे, अख्खा मसूर आहे, भाकरी, खीर... तर म्हणाला, "ते सगळं खरं, पण मेन काय?"

हे "मेन काय" दोनचार दिवस डोक्यातनं जाईना. कारण आमच्या घरात एक माणूस असं आहे की ज्याच्या ताटात गेली पस्तीसएक वर्षं मेन असं काही नाहीच. आई माळकरी. मी सातवीत होतो तेव्हा तिनं माळ घातली, पण आण्णांना आणि आम्हा पोरांना मटण लागायचं म्हणून स्वयंपाक तिनं कधी सोडला नाही. खोबरं भाजणार ती, तीळ-खसखस वाटणार ती, तांबड्याला तरी आणणार ती, आणि चव न घेता, नुसत्या वाफेच्या वासावर मीठ घालणार. अजून एकदाही चुकलेलं नाही. मी आता रविवारी स्वतः रस्सा करतो तरी शेवटी तिला पातेल्याजवळ बोलवतोच, ती झाकण काढून वास घेते आणि "आजून चिमूटभर" म्हणून जाते. आणि स्वतःला काय? "मला काय, मी पिठलं टाकून घेतो." बारक्या पातेल्यात, कडेच्या शेगडीवर. आम्ही मटणातल्या नळीच्या हाडावरनं भांडायचो तेव्हा ती पिठलं-भाकरी खात असायची, आणि हे मला पस्तीस वर्षांत कधी खटकलं नाही, हे लिहिताना जरा कसंतरीच होतंय.

भोपळ्याचं डोक्यात आलं ते बहिणीमुळं. ती मिशिगनला असते. गेल्या महिन्यात तिकडं थँक्सगिव्हिंग झालं, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, १९४१ साली त्यांच्याकडं तसा कायदाच झालाय. व्हिडिओ कॉलवर तिनं त्यांच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडचं टेबल दाखवलं. आईनं विचारलं, "आज गुरुवार न्हवं? मग हे काय भाजलेलं?" बहीण म्हणाली टर्की, कोंबडीसारखाच मोठा पक्षी. "गुरुवारी?" म्हणून आई मागंच सरकली. मग बहिणीनं तिचं ताट दाखवलं, ती खात नाही मटण-चिकन, तर तिच्यासाठी वेगळं काहीतरी केलेलं. हिरव्या सालीचा, वांग्याएवढा, कंगोरेवाला भोपळा, एकॉर्न स्क्वॉश म्हणतात, मधोमध कापून भाजलेला आणि आत भात, सुका मेवा, आंबटगोड क्रॅनबेरी असं काय काय भरलेलं. बहीण म्हणाली दादा, बाकीच्यांच्या टर्कीशेजारी हे ठेवलं की आपण उपाशी बसलोय असं वाटत नाही. आई काही बोलली नाही, पण बराच वेळ बघत होती ते मी बघितलं.

बहिणीनं सांगितलं की तिकडं याला विंटर स्क्वॉश म्हणतात, म्हणजे हिवाळ्यात पिकणारा नव्हे, तर पावसाळ्यानंतर वेलावरनं काढून हिवाळाभर टिकणारा, साल घट्ट झालेली असते म्हणून. मग मला आमच्या कागलकडच्या गावचा माळा आठवला. दसऱ्याला तिथं ओळीनं तांबडे भोपळे मांडलेले असायचे, खाली पेंढा, एकाला एक चिकटू द्यायचा नाही आणि देठ मोडायचा नाही, आज्जीचा सक्त नियम. देठ मोडला की तिथनंच कुजतो. पार शिमग्यापर्यंत पुरायचे. म्हणजे विंटर स्क्वॉश आमच्या आज्जीनं जन्मभर खाल्ला, फक्त नाव माहीत नव्हतं. तसा भोपळा मूळचा अमेरिकेकडचाच, मिरची आणि शेंगदाणा पण तिकडचेच, पोर्तुगीजांच्या काळात हे सगळं आपल्याकडं आलं असं म्हणतात. म्हणजे ज्या तांबड्या रश्शावर आम्ही एवढा माज करतो त्यातला तांबडेपणा पण उसनाच की. (हे भावाला सांगितलं तर तो म्हणाला, दादा हे चौकात बोलू नको.)

पहिला प्रयोग १५ तारखेला रविवारी केला. तो लिहिण्यासारखा नाही पण लिहितो. कपिलतीर्थ मार्केटात गेलो, तिथं सगळीकडं फोडीच, पाव किलो, अर्धा किलो. एका मावशीला म्हणलं अख्खा द्या, बारका. तिनं मला खालनं वर बघितलं, "अख्खा कशाला? दुकानावर बांधायला कोहळा पायजे का?" म्हणलं नाही, खायला. "मग घरात माणसं किती?" शेवटी पोत्यामागनं एक काढून दिला, दोन किलोला जरा कमी. तो आमच्या ओटीजीत, म्हणजे घरातल्या बारक्या विजेच्या भट्टीत, जेमतेम बसला आणि इथंच घोळ झाला, वरची सळई भोपळ्यापासनं बोटभर अंतरावर. मी शहाण्यानं आत कच्चा भात, मसाला, पाणी सगळं एकदम भरलेलं. तासाभरानं वरनं कोळसा, भात कचकचीत आणि तळाला भोक पडून सगळा रस खाली. भोपळ्यात ९० टक्के पाणीच असतं, ते भाजताना सुटतं आणि भरलेल्या सारणात उतरतं, हे मला नंतर कळलं. पोरगी म्हणाली, "पप्पा, सूप छान झालंय."

मग नीट विचार केला. पाणी सुटणारच तर ते आधी सोडून द्यायचं. आणि ओटीजीचा नाद सोडायचा. आमच्या गल्लीच्या टोकाला बेकरी आहे, दिवाळीत अजून नानकटाई भाजायला आम्ही तिथंच ट्रे नेतो. बेकरीवाल्या मामांना विचारलं, भोपळा भाजून देणार का? ते म्हणाले, "भोपळा? बरं. दुपारी बाराला पाव निघाल्यावर आणा, तेव्हा भट्टी उतरती असते, करपणार नाही." पन्नास रुपये ट्रेचे. त्यांनी एवढं सहज घेतलं की मलाच वाटलं रोज कोणीतरी भोपळे आणतं काय.

काल सकाळी मार्केटातनं दोन आणले, दीड-दीड किलोचे, त्याच मावशीकडनं, तिनं राखून ठेवलेले. आता कापायचा प्रश्न. आई म्हणाली, "पयला घाव गड्यानं घालायचा, बाईनं अख्खा भोपळा कापू नये." हे मी लहानपणापासनं ऐकतोय, आण्णा नसले की शेजारच्या काकांना हाक मारायचे कापायला. कोयता माझ्याच हातात होता त्यामुळं काही अडचण नव्हती, पण पोरगी मध्ये पडली. अकरावीत आहे, वाद घालायला आवडतोच. "आज्जी, टेंबलाईला कोहळा कोण फोडतं गं?"

आई गप्प. कारण नवरात्रात ललिता पंचमीला दोघी बरोबरच गेलेल्या टेकडीवर. अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या, भेटीला जाते, राक्षसाच्या वधाची आठवण म्हणून तिथं कोहळा फोडतात आणि तो घाव घालते ती कुमारिका, बारकी पोरगी. मग त्या तुकड्यांसाठी जी झुंबड उडते त्यात आईचा पदर फाटलेला यंदा.

"ती देवीची कुमारिका," आई म्हणाली. "आणि तो कोहळा, ह्यो भोपळा."

"मग मी कोण आहे?"

आईनं जरा वेळ तिच्याकडं बघितलं, मग माझ्या हातातनं कोयता काढून घेतला, पदरानं पुसला आणि तिला दिला. "देठाखाली दोन बोटं सोडून घाल. आणि डावा हात मागं." एका घावात नाही झालं, तीन लागले, पण टोपी सरळ सुटली.

बिया आणि रेषा चमच्यानं खरवडून काढल्या, त्या टाकल्या नाहीत, त्याचं नंतर सांगतो. आतनं मीठ चोळलं, तेलाचा हात फिरवला, तोंड खाली करून ट्रेमध्ये पालथे घातले आणि बेकरीत. पाऊण तासानं विणायची सुई सालीतनं आत गेली, पण हाताला जरा अडली, तेवढंच पाहिजे होतं. सुटलेलं पाणी ओतून टाकलं. तोवर घरी सारण. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ होता, त्याचा वासच असा की दुसरा सुगंध लागत नाही, तो पाऊणच शिजवला. कांदा तांबूस परतून त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचा भरड कूट, सुकं खोबरं, तीळ, आणि आमची चटणी. चटणी म्हणजे पुण्याच्या वहिनींना वाटते तसली वाटलेली नव्हे, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली वर्षाची कांदा-लसणाची. क्रॅनबेरी कुठनं आणणार, वाळवलेली आमसुलं बारीक चिरून घातली आणि लिंबाएवढा गूळ. गोड भोपळ्याला आंबट आणि तिखट दोन्ही लागतं, नाहीतर घारग्याचं पीठ खाल्ल्यासारखं होतं. भरलं, टोपी लावली, परत वीस-पंचवीस मिनिटं भट्टीत.

आणि त्या बिया-रेषा. त्या आलं, दालचिनी, दोन मिरं घालून अर्धा तास उकळल्या, गाळून घेतल्या, आणि ते पाणी मटणाच्या अळणीच्या, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याच्या, जागी वापरून पांढरा रस्सा केला, काजू, खसखस, नारळाचं दूध तेच सगळं. खोटं बोलत नाही, मटणाच्या पांढऱ्यासारखा झाला नाही. पण ती तुलना बाजूला ठेवली तर बरा होता, दोन वाट्या प्यायलो मी. आईनं मीठ वासावरच सांगितलं, मग एकदम थांबली, म्हणाली, "अगं बाई, ह्यो तर मला चाखता येतोय की," आणि पळीभर हातावर घेतला. चाखल्यावर परत चिमूटभर मीठ घातलं. म्हणजे पस्तीस वर्षांत वास पहिल्यांदाच चुकला. सवय मोडली म्हणून असेल.

पंगतीत मधोमध दोन्ही भोपळे ठेवले. भावाच्या पोरांनी फोटो काढले, मग टोपी उचलली तशी वाफ आली आणि सगळे जरा गप्प झाले. मी पहिली फोड आईला वाढली. ती म्हणाली आधी पोरांना दे. म्हणलं नाही, आज आधी तू. साल खायची असते का हे तिला कळेना, मलाही नक्की माहीत नव्हतं, तिनं भाकरीच्या तुकड्यानं गर सालीवरनं सोडवून घेतला आणि सारणात कालवला. काही बोलली नाही. दुसरी फोड स्वतःहून घेतली, एवढंच. भाऊ मात्र सुरुवातीला बिचकत होता, नंतर म्हणाला ह्यात नळी कुठली? पोरगी म्हणाली देठ. मग त्या देठाच्या टोपीवरनं दोघांचं भांडण लागलं, तिथं चिकटलेला गर सगळ्यात खरपूस असतो हे खरंच आहे. माझी एक तक्रार: एका भोपळ्याची साल एका बाजूनं कच्चट राहिलेली, फिरवायला पाहिजे होता मध्ये एकदा. मामांनी सांगितलेलं, मी ऐकलं नाही.

आज बायकोचं उद्यापन, त्यात एकादशी. उरलेला अर्धा भोपळा फ्रीजमध्ये होता पण त्यात भात, आई भात कसा खाणार आज. सकाळी सातला बघतो तर भाऊ ओट्याला टेकून उभ्याउभ्याच तो गार भोपळा चमच्यानं खात होता, पोरं उठायच्या आत. आईनं बघितलं. "माझ्या बारशीला ठेवला होता रं," म्हणाली, आणि खरंच चिडलेली होती. खाण्यावरनं आई चिडलेली मी कधी बघितलेली नाही.

दुपारी ते पुण्याला गेले. संध्याकाळी मी कॅलेंडर बघत होतो, अमावस्या सोमवारी, मंगळवारी काही नाही, १ तारीख बुधवार. आईला म्हणलं, एकाला मटण आणतो मग, किलोभर बास होईल. ती वर्तमानपत्रावर पसरलेल्या थोड्या बिया निवडत होती, बऱ्याच उकळण्यात गेल्या पण मूठभर तिनं आधीच काढून ठेवलेल्या. वर न बघता म्हणाली, "आण की. आणि त्या मावशीला एक भोपळा सांगून ठेव. बारका बास मला."