बिहीच्या बिया

धान चुरायचे दिवस चालू आहेत, थ्रेशरचा भुसा नाकातोंडात जाऊन जाऊन गळ्याची पार वाट लागली, म्हणून परवा दुपारी आमगावच्या बाजारात जडीबुटीवाल्याकडे बिहीदाणा मागितला. त्यानं कागदाच्या तुकड्यावर चिमूटभर तांबूस-काळ्या, एकमेकींना चिकटलेल्या बिया टाकल्या अन तेवढ्याशा पुडीचे ऐंशी रुपये सांगितले. बाजूलाच एक बाई टोपलीत बिही घेऊन बसली होती, वीस रुपयात पाच. मला एकट्यालाच हसू आलं.

आमच्या घरी ह्या बिहीवरून रोजचं भांडण असायचं. आजीचं माहेर बालाघाटकडचं, ती बिही म्हणायची, आबा वर्धेकडचे, त्यांच्या तोंडात जाम, आणि अंगणातलं झाड एकच. शाळेच्या पुस्तकात तिसरंच, पेरू. तो कोणत्या झाडाला लागते असं मी गुरुजींना विचारलं होतं आणि मार खाल्ला होता. मुंबईत तर जाम मागायची सोयच नाही, तिथं घंटीसारखं पांढरं पाणचट काहीतरी हातात ठेवतात.

तर आबांना हिवाळाभर खोकला. आजी रात्री वाटीत बिहीदाणा भिजू घालायची, सकाळी तो असा बुळबुळीत व्हायचा की आम्ही पोट्टे त्याला शेंबूड म्हणायचो, अन आबा खडीसाखर टाकून तो गुमान प्यायचे. एकदा पुडी संपली. मी दुसरी-तिसरीत असेन. बिहीदाणा म्हणजे बिहीचाच दाणा ना, अजून कशाचा? पोपटांनी अर्ध्या खाऊन खाली टाकलेल्या चार-पाच बिह्या उचलल्या, बिया काढल्या, धुतल्या, वाटीत पाणी घालून चुलीजवळ ठेवल्या. सकाळी पाहतो तर छर्ऱ्यासारख्या जशाच्या तशा.

"काहून रे पोट्ट्या, हे काय भिजू घातलं?"

"आबाले बिहीदाणा."

आजी डोळ्याला पदर लावून हसत सुटली. आबा नाही हसले. "आण इकडे," म्हणाले, अन वाटीतलं पाणी बियांसकट पिऊन टाकलं.

खरी बिही वेगळीच असते हे कळायला मला चाळिशी लागली बाप्पा. चुलतभाऊ फौजेत, काश्मीरातून सुट्टीवर येताना दोन घेऊन आला. तिकडे तिला बमचूंठ म्हणतात, वांग्यात टाकून भाजी करतात. पिवळी, वरून कापसासारखी लव, अन वास असा की त्यानं बॅग उघडल्याबरोबर खोली भरून गेली. मी हौसेनं चावा घेतला तर दगड, अन जीभ अशी तुरट झाली की तासभर नीट बोलता येईना. साखर घालून शिजवली तेव्हा कुठं मऊ झाली, रंग पण गुलाबी आला. मधोमध पाच कप्पे, अन त्यात आबांच्या त्याच चिकट बिया.

बिही हे नाव फारसीतलं, अन तिथं ते ह्याच फळाचं. आपल्याकडचा जाम म्हणा, पेरू म्हणा, तो मूळचा अमेरिकेतला पाहुणा, त्याला इथं नावच नव्हतं, मग ज्याला जे घरचं फळ आठवलं ते त्यानं चिकटवून दिलं. पोर्तुगीजांना नाशपती आठवली, त्यांची पेरा, तिचाच म्हणे पेरू झाला. फारसी येणाऱ्या कोणाला तरी बिही आठवली असेल. यात महादेवाचा बेलसुद्धा सुटला नाही. पोर्तुगीज लोक बिहीला मार्मेलो म्हणतात, तिच्या पाकातल्या घट्ट वडीवरूनच मार्मालेड शब्द आला (आता ते संत्र्याचं करतात, आमच्या नागपूरकडच्यांना तेवढंच बरं), तर त्यांनी इथल्या बेलाला बंगालचं मार्मेलो करून टाकलं, अन झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये शास्त्रीय नावात तेच मार्मेलोस घातलं, ते अजून तसंच आहे. कवठाला कोणाचं नाव दिलं काय माहीत, कोणी विचारलंच नाही बिचाऱ्याला.

पुडी घरी आणून भिजू घातली. बायको अमरावतीची, म्हणाली, "कशाच्या बिया आणल्या हो?" म्हटलं बिहीच्या. तिनं अंगणातल्या झाडाकडे पाहिलं, मग ऐंशी रुपये ऐकून माझ्याकडे.

रात्री खोकल्यानं झोप लागेना तेव्हा ती वाटी आठवली. ते बियांचं पाणी पिऊन त्या रात्री आबा खोकलले नव्हते, दुसऱ्या दिवशी गावभर सांगत फिरले होते, पोट्ट्याच्या दवाईनं गुण आला म्हणून. पण मी तेव्हा त्यांच्याजवळच झोपायचो. गोधडीचा बोळा तोंडात धरून खोकलत होते ते, मला रात्रभर ऐकू येत होतं.