कळव्याहून महापे, व्हाया सिंगापूर

कळव्यात आमचं छोटं ब्रॉडबँड नेटवर्क आहे. गिऱ्हाइकांची तक्रार स्पीडची कमी, ‘अडकतं’ ही जास्त. ट्रेसराउट (पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, कुठून कुठून जातो ते दाखवणारी कमांड) मारून बघितलं तर घणसोलीतल्या दुसऱ्या नेटवर्ककडे निघालेलं पॅकेट आमच्या अपस्ट्रीमकडून, म्हणजे ज्या मोठ्या कंपनीकडून आम्ही इंटरनेट विकत घेतो तिच्याकडून, सिंगापूरला जाऊन परत मुंबईत उतरत होतं. साठेक मिलिसेकंद त्यातच गेले. देशातला ट्रॅफिक देशातच फिरावा म्हणून तर 2003 साली निक्सी हे देशी इंटरनेट एक्स्चेंज, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना थेट जोडायची जागा, सुरू झालं. आता खासगी एक्स्चेंजही आहेत. त्यातल्याच एकाचा पोर्ट (जोडणी) महाप्यात घ्यायचं ठरवलं.

स्वतःचा एएसएन (नेटवर्कचा क्रमांक) आणि आयपी पत्ते लागतात, ते आम्ही इरिन या देशातल्या नोंदणी संस्थेकडून आधीच घेतले होते. निदान /24 एवढा आयपींचा गट तरी हवा, म्हणजे 256 पत्ते. त्याहून लहान तुकडा बाहेर सहसा कुणी घेत नाही. रूट ऑब्जेक्ट आणि आरओए (पत्ते कुठल्या नेटवर्कचे ते सांगणाऱ्या नोंदी) मात्र अर्जाआधीच करून ठेवा. नाहीतर एक्स्चेंजचा रूट सर्व्हर (सगळ्यांचे रूट, म्हणजे पत्त्यांपर्यंतचे मार्ग, एकमेकांना कळवणारा) तुमचे रूट गाळून टाकतो आणि आपण राउटरच्या कॉन्फिगमध्ये डोकं घालून बसतो.

एक्स्चेंजवाल्यांनी जोडणीच्या परवानगीचं पत्र लगेच दिलं. रखडलं ते डेटा सेंटरच्या क्रॉस कनेक्टवर, म्हणजे आमच्या रॅकपासून एक्स्चेंजपर्यंतच्या फायबरवर. पत्रातला पॅनेल नंबर रॅकवरच्या स्टिकरशी जुळेना आणि तिकीट इकडून तिकडे फिरत राहिलं. एकदाची फायबर ओढली, तर आरएक्स पॉवर (येणाऱ्या प्रकाशाची ताकद) उणे चाळीस! म्हणजे प्रकाशच नाही. तिथला पोरगा म्हणाला, “दादा, रोल करून बघू का?” कर म्हटलं. त्याने एलसी कनेक्टरची क्लिप उघडून दोन्ही धागे उलटसुलट केले आणि आकडा उणे पाचवर आला.

तरी लगेच आत घेत नाहीत. आधी क्वारंटाइन व्हीलॅनमध्ये (चाचणीसाठी वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कात) ठेवून बघतात: पोर्टवर एकच मॅक (उपकरणाचा पत्ता) आहे ना, एलएलडीपी, स्पॅनिंग ट्री असल्या स्विचच्या आपापसातल्या संदेशांपैकी काही बाहेर येत नाही ना. ही कटकट मला पटते. एकाच्या लूपने (ट्रॅफिक गोल गोल फिरत राहण्याने) सगळ्यांचं नेटवर्क बसू शकतं.

रूट सर्व्हरशी बीजीपी सेशन (रूटची देवाणघेवाण) उभं राहिलं, ट्रॅफिकने हीच वाट घ्यावी म्हणून लोकल प्रेफरन्स वाढवला आणि घणसोलीचं पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) एक आकडी मिलिसेकंदांवर आलं. मात्र काही मोठ्या कंटेंट कंपन्या रूट सर्व्हरवर सगळे रूट देत नाहीत. त्यांच्याकडे बायलॅटरल पिअरिंग, म्हणजे दोघांतच थेट देवाणघेवाण, वेगळं मागावं लागतं. तेव्हा पिअरिंगडीबी या नेटवर्कांच्या सार्वजनिक यादीवरची तुमची नोंद बघतात, ती अर्धवट ठेवू नका.

अपस्ट्रीम सुटत नाही, फक्त कमी घ्यावा लागतो. दुसरा पोर्ट वेगळ्या इमारतीत घ्यायचाय. ठाणे-बेलापूर रोडला खोदकाम कधी निघेल आणि फायबर तुटेल, काही सांगता येत नाही.