कोपर बरं झालं, फॉर्म बरा होईना

लेकाचं कोपर बरं व्हायला चार महिने लागले. ते बरं झालंय हे शाळेच्या कागदावर यायला पाच आठवडे. चार महिन्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, हाड आपल्या वेळेनेच भरतं. पाच आठवड्यांचं नाव काढलं की मात्र अजून डोकं तापतं.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. मुलगा हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला, ज्युनियर व्हर्सिटी (शाळेच्या दुय्यम) संघात पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज. माझं माहेर सांगलीचं, त्यामुळे बेसबॉल मी लेकाच्या मागे धावत धावत शिकले. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्याने एका संघाकडून सत्तर चेंडू टाकले आणि रविवारी दुसऱ्या क्लबकडून कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू पकडणारा, म्हणून बसला. कॅचरला प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन्ही मैदानांवर गाडी नेणारी मीच, त्यामुळे दोष कुणाला देणार? सोमवारी सकाळी त्याला दप्तर उचलवेना.

कोपराच्या आतल्या बाजूला जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथली वाढीची चकती या वयात अजून कच्ची असते. चेंडू फेकताना स्नायू तिथेच ओढ देतात. डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावून उजव्या बाजूची रुंदावलेली फट दाखवली. याला इथे 'लिटल लीग एल्बो' म्हणतात. सहा आठवडे फेकणं पूर्ण बंद. अंगणात कुत्र्याला चेंडू टाकणंसुद्धा बंद.

बातमी कळताच ओळखीतल्या दोघांनी 'टॉमी जॉन'चं नाव काढून मला घाबरवलं. ते प्रकरण वेगळं. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातला फाटलेला लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा) काढून तिथे त्याच्याच दुसऱ्या हातातला टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) बसवला. गडी १९७६ मध्ये परत मैदानात आला आणि १९८९ पर्यंत खेळला. आमचं दुखणं लिगामेंटचं नव्हतंच, वाढत्या हाडाचं होतं. तेव्हा शेजाऱ्यांनी शस्त्रक्रियेचं नाव काढलं की आधी विचारा, दुखलंय नेमकं काय?

पुढचं सगळं सुरळीत झालं, म्हणून त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. विश्रांती, मग फिजिओ (व्यायाम कोपराचे कमी, खांद्याचे आणि कमरेचे जास्त), मग दिवसाआड मोजून फेक. आधी ४५ फुटांवरून पंचवीस-पंचवीस चेंडू, मग ६०, ९०, १२०. दुखलं तर एक पायरी मागे. एकदाच दुखलं, एकदाच मागे आलो. फेब्रुवारीच्या मध्यावर डॉक्टर म्हणाले, "हाड छान भरलंय. आता माउंडवरून सुरुवात करा." माउंड म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो तो उंचवटा. मी गाडीत बसून बाबांना सांगलीला फोन लावला. ते म्हणाले, "आमच्या वेळी पोरं दिवसभर बोलिंग टाकायची, काही होत नव्हतं." मी समजावलं, की क्रिकेटमध्ये हात सरळ फिरतो म्हणून वेगवान गोलंदाजांची पाठ जाते, बुमराहची गेली तशी. इथे हात वाकवून चाबकासारखा सोडतात म्हणून कोपर जातं. "मग सरळ हाताने टाक म्हणावं त्याला," बाबा म्हणाले. विषय संपला.

आणि मग फॉर्म आला.

डॉक्टरांच्या पत्रात लिहिलं होतं : ठरलेल्या कार्यक्रमाप्रमाणे हळूहळू पिचिंग सुरू करण्यास हरकत नाही, तोवर सामन्यात पिचिंग नको. मला वाटलं, यापेक्षा स्पष्ट काय असतं! शाळेच्या ऑफिसने पत्र बघितलं आणि सांगितलं, "यात रिस्ट्रिक्शन आहे. रिस्ट्रिक्शन असेपर्यंत सरावाला घेता येणार नाही. पूर्ण क्लिअरन्स आणा." म्हणजे खेळायला बिनशर्त परवानगी. डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, पूर्ण क्लिअरन्स माउंडवरचा टप्पा संपल्यावर. माउंड कुठे आहे? शाळेच्या जिममध्ये. जिममध्ये कधी जाता येईल? क्लिअरन्स आल्यावर. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण मी आजीच्या तोंडून शंभरदा ऐकली होती, पण ती ऑर्थोपेडिक विभागाबद्दल आहे हे तेव्हा कळलं.

बाहेर बर्फ होतं. तासावर भाडं घेणाऱ्या एका इनडोअर केजमध्ये आम्ही दोनदा गेलो. कॅचर म्हणून नवरा बसला आणि दुसऱ्याच खेपेला अंगठा सुजवून घेतला. घरात पेशंट दोन झाले, म्हणून तो उद्योग बंद.

मी परत डॉक्टरांच्या क्लिनिकला फोन केला. फॉर्म भरून हवा असेल तर पाच ते सात कामाचे दिवस, पंचवीस डॉलर, आणि पाठवणार फॅक्सने. बरं. सात दिवस थांबले. शाळेत विचारलं, "काही आलं नाही." क्लिनिकला विचारलं, "आम्ही तर गेल्या मंगळवारी पाठवलं." अशी टोलवाटोलवी आठ दिवस चालली. शेवटी मी क्लिनिकच्या मुलीला म्हटलं, "बाई, नंबर वाचून दाखव." तिने वाचला. तो मिडल स्कूलचा नंबर होता. लेकाच्या जुन्या फाइलवर जुनीच शाळा होती, आणि त्याच्या कोपराचा अहवाल जिथे तो आता शिकतही नाही तिथल्या ट्रेमध्ये पडून होता. माझी हात जोडून विनंती आहे : मूल शाळा बदलेल त्या दिवशी प्रत्येक डॉक्टरकडचा शाळेचा नंबर बदलून घ्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दरम्यान आणखी एक फाटा फुटला. इथे खेळाडूची वार्षिक वैद्यकीय तपासणी ३६५ दिवस चालते, पण तपासणीला ९० दिवस उलटून गेले असतील तर हंगामाआधी पालकांनी आरोग्याची प्रश्नावली नव्याने भरायची असते. आमची तपासणी ऑगस्टमधली. प्रश्नावलीत प्रश्न होता : मागच्या तपासणीनंतर काही दुखापत झाली का? मी 'हो' वर टिक केलं. शाळेच्या पोर्टलवर त्याच्या नावासमोर जे पिवळं दिसत होतं ते लाल झालं. आता शाळेचे डॉक्टर स्वतः बघणार, आणि ते येणार आठवड्यातून एकदा. एक मैत्रीण म्हणाली, "वेडी आहेस का, 'नाही' टिक करायचं ना!" तेवढं मात्र करू नका. उद्या मैदानावर काही झालं तर तो कागद आपल्याच सहीचा असतो.

मार्चच्या मध्यात ट्रायआउट, म्हणजे संघाची निवड चाचणी, झाले. बाकीची पोरं धावत होती आणि माझा मुलगा जॅकेट घालून वहीत स्कोअर लिहीत होता. कोचने त्याला आधी बघितलेलं होतं म्हणून जागा राखली, हे त्यांचे उपकार. घरी येऊन पोरगा काही बोलला नाही. दोन पोळ्या खाऊन खोलीत गेला. एरवी पाच लागतात.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात न जाता चुकून जिमच्या बाजूच्या दाराने आत शिरले. तिथे बर्फाच्या मशीनशेजारी एक छोटी खोली होती आणि एक तरुण मुलगी कुणाच्या तरी घोट्याला पट्टी बांधत होती. ती शाळेची अ‍ॅथलेटिक ट्रेनर, खेळाडूंच्या दुखापती बघणारी. अशी व्यक्ती शाळेत असते हे मला माहीत होतं, पण ती पट्ट्या बांधते एवढंच मी समजत होते. तिने पत्र दोन मिनिटांत वाचलं आणि म्हणाली, "यात मनाई लिहिलीय, पण लक्ष कोण ठेवणार हे लिहिलं नाही. कुणाचं तरी नाव हवं. माझं हुद्द्यासकट लिहायला सांगा." मग तिनेच वाक्य सांगितलं : सरावात पूर्ण सहभाग, पिचिंग सोबत जोडलेल्या वेळापत्रकाप्रमाणे, अ‍ॅथलेटिक ट्रेनरच्या देखरेखीखाली.

फिजिओने एका पानावर तारखांसकट वेळापत्रक लिहून दिलं. ते वाक्य मी जसंच्या तसं क्लिनिकच्या पोर्टलवर टाकलं आणि तिथल्या असिस्टंटने त्याच संध्याकाळी सही केली. फॅक्सचं नाव न काढता मी प्रिंट घेऊन स्वतः नेऊन दिली. दोन दिवसांत शाळेच्या पोर्टलवर हिरवं. दुखणं तेच, डॉक्टर तेच, कोपर तेच! आनंद झाला की राग आला, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक रागच.

म्हणून कुणाच्या मुलाला दुखापत झाली तर पहिल्याच आठवड्यात ट्रेनरला जाऊन भेटा. ऑफिस नंतर.

माउंडवरचे आठवडे भराभर गेले. आधी अर्ध्या जोराने पंधरा फास्टबॉल, मग थोडे जास्त, मग पाऊण जोराने, चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू), आणि कर्व्हबॉल (वळणारा) सगळ्यात शेवटी. नंतर समोर बॅटर. सामन्यात पहिल्यांदा एप्रिलअखेर आला, रिलीफला (आधीच्या पिचरच्या जागी), एका इनिंगपुरता. बेसबॉलमध्ये इनिंग म्हणजे तीन आउट होईपर्यंतची पाळी.

रोटेशनमध्ये, म्हणजे आलटून पालटून सामना सुरू करणाऱ्या तीन पोरांत, तो यायचा होता मेच्या दुसऱ्या आठवड्यात. मध्येच पावसाने सामने एकावर एक आले आणि कोचने विचारलं, "उद्या पाच इनिंग टाकेल का?" पोरगा माझ्याकडे बघायला लागला. त्याचं 'हो' ओठांवर आलेलं. मी पर्समधून वेळापत्रकाची घडी काढली आणि म्हटलं, "या आठवड्यात ४५ चेंडू. पाच इनिंग त्यात बसत असतील तर जरूर." कोच हसले. लेक मात्र रात्रभर बोलला नाही माझ्याशी. चालतं.

मेजर लीग (इथली व्यावसायिक बेसबॉल लीग) आणि यूएसए बेसबॉलची 'पिच स्मार्ट' म्हणून मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात १५-१६ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू सांगितलेत, ३१ ते ४५ टाकले तर एक दिवस विश्रांती, ७६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस. पण ते धडधाकट हातासाठी. दुखापतीतून आलेल्याला तिथवर न्यायचं तर दहा-पंधरा चेंडूंनी चढवत न्यायचं, असं आमच्या फिजिओने बजावलं होतं. आणि शाळेचा आकडा क्लबला कळत नाही, क्लबचा शाळेला. बेरीज घरातच करावी लागते. क्लब आम्ही यंदा बंदच ठेवला.

त्याने पहिल्यांदा सामना सुरू केला तेव्हा मी सासूबाई विसरून गेलेलं नामजपाचं काउंटर बोटात घालून बसले होते. प्रत्येक चेंडूला एक टिक. तिसऱ्या इनिंगला ४१ झाले, दोन आउट, एक धावपटू दुसऱ्या बेसवर. ४४ वर बॅटरने उंच उडवला, सेंटर फील्डरने पकडला. कोच पुढच्या इनिंगसाठी दुसऱ्या पोराला हाक मारत होते आणि मी काउंटर शून्यावर आणत होते. लेक डगआउटमध्ये जाऊन बसला, पाणी प्यायला, आणि उजवा हात सरळ करून एकदा दुमडून बघितला. ते फक्त मलाच दिसलं असावं.

हां, एक राहिलंच. फॅक्स पाठवावाच लागला तर पोचल्याची पावती मागून घ्या, आणि तिच्यावरचा नंबर स्वतः वाचा.