गच्चीचा खर्च आणि सहा घरांची ऐपत

एका आवारात सहा घरं मिळून राहतोय म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, चूल एक की वेगळी, भांडणं होत नाहीत काय. पैशाचं कोण विचारत नाही. खरं गाडी अडते ती तिथंच.

आमचं आवार बेळगावात, वडगावच्या बाजूला. जागा मागवाल्या मामांची, तिची किंमत बांधकामात वळती करून घेतली, बाकी पाच घरांनी रोख घातली. घरं ज्याची त्याची, पण बोअर, टाकी, गच्ची, मोठा हॉल आणि पाहुण्यांची खोली सगळ्यांची. मामांचं घर पॉवरलूमवर चालतंय, महिन्याला १८ हजार धरा. डबे करणाऱ्या अक्का ३०, उद्यमबागेत कारखान्यात सीएनसी मशीनवर असणारा भाऊ ३५, पेन्शनवाले सर ४५, आम्ही दोघं मिळून ७२ आणि आयटीतलं जोडपं १ लाख २० हजार. आकडे अंदाजाचे आहेत, कुणाची पगार स्लिप बघितलेली नाही आणि बघणारही नाही, ते का ते पुढं सांगते.

गेल्या पावसात गच्ची गळायला लागली. बेळगावचा जुलै म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, भिंतीला ओल धरली की गणपतीपर्यंत ती वाळत नाही. वॉटरप्रूफिंगचं कोटेशन आलं १ लाख २० हजार. सरळ भागाकार केला तर घराला २० हजार. ऐकायला एकदम न्यायाचं वाटतंय. पण मामांसाठी ते महिनाभराच्या कमाईपेक्षा जास्त आणि आयटीवाल्यांसाठी पाच दिवसांची कमाई. रक्कम सारखी म्हणून ओझं सारखं कसं होईल?

कायदा बघायला गेलं तर तोही इथं कामाचा नाही. कर्नाटकात १९७२ च्या अपार्टमेंट कायद्यात सामाईक खर्च ज्याचा त्याचा सामाईक जागेतला हिस्सा बघून वाटायचा, म्हणजे साधारण मोठ्या घराला जास्त. माझी बहीण कोल्हापुरात सोसायटीत राहते, तिकडं सर्व्हिस चार्ज सगळ्या फ्लॅटना सारखा. दोन्हीकडं घरात येतंय किती हे कोण विचारत नाही. अनोळखी लोक एका बिल्डिंगमध्ये येतात तिथं ते बरोबरच आहे, पण आम्ही एकमेकांना ओळखून, मुद्दाम एकत्र राहायला आलोय.

असं राहणं पहिल्यांदा डेन्मार्कमध्ये १९७२ च्या सुमाराला उभं राहिलं, त्यालाच पुढं को-हाउसिंग म्हणायला लागले. मला सगळ्यात पटलेलं उदाहरण इंग्लंडमधल्या लीड्सचं, लिलाक म्हणून २० घरांची वसाहत आहे, तिथं प्रत्येक घर आपल्या हातात पडणाऱ्या उत्पन्नाच्या ३५ टक्के भरतंय. ज्याला जास्त मिळतंय तो जास्त भरतो आणि त्याची मालकीही त्या मानानं लवकर वाढते, म्हणजे ते दान होत नाही.

आम्ही नुसत्या उत्पन्नाच्या प्रमाणात हिशोब करून बघितला, मामांना ६,७५० आणि आयटीवाल्यांना ४५ हजार आले. त्यांनी तोंडावर हो म्हटलं असतं, पण अशी हो मनात राहते. शिवाय टक्केवारी काढायची म्हणजे पगार दाखवणं आलं, आणि मामा त्या बैठकीत म्हणालेच, "आमाला कमी कमी म्हणून चारचौघात दाखवू नगा, बाकी काय पण करा." हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सवलत घेताना मान गेला तर ती सवलत कसली?

मग वाटे ठरवले. एक, दोन नाहीतर तीन, आणि आपले किती ते ज्यानं त्यानं आपणच सांगायचं, कारण द्यायचं नाही. कुणाच्या घरी आजारी माणूस असतंय, कुणाचं कर्ज असतंय, ते पगाराच्या कागदात कुठं दिसतंय? दोन घरांनी एक घेतला, दोघांनी दोन, दोघांनी तीन. झाले बारा, वाट्याला १० हजार. आम्ही ३० हजार भरले आणि मला ते जड गेले, तरी बरोबर वाटले. दरवर्षी एप्रिलमध्ये परत विचारायचं, मागाला मंदी आली तर वाटा बदलायला मोकळीक.

पण वाटणी जमली तरी अर्धंच काम झालं. जास्त भरणाऱ्याचा आवाज नकळत मोठा होतो, म्हणून मत घराला एकच. दुरुस्ती टाळता येत नाही, पण सामाईक पैशातून नवीन काही करायचं तर सहाही घरांची हो पाहिजे. सीसीटीव्हीच्या वेळी अक्का नको म्हणाल्या, तर ज्यांना हवा होता त्या तिघांनीच आपल्या खिशातून बसवला.

आणि वेळ! एक तारखेला पैसे द्या हे पगारदाराचं गणित आहे. मागावरचा पगार आठवड्याला, डब्यांचे पैसे येतील तेव्हा. मी पतसंस्थेत काम करते, रोज बघते की एकदम १० हजार काढू न शकणारा माणूस रोजचे ५० रुपये पिग्मीला, म्हणजे रोजच्या बचतीच्या खात्याला, न चुकता घालतोय. म्हणून मामांनी आणि अक्कांनी गच्चीचा वाटा पिग्मीतून भरायचा ठरवला, तोपर्यंत ठेकेदाराचे पैसे सामाईक खात्यातून दिले, व्याज नाही. अक्कांनी पासबुक हॉलमधल्या कपाटात ठेवलंय, एजंट आला की जे घरात असेल ते नोंद करून घेतंय.

आता लिफ्टचा विषय निघालाय. सरांचे गुडघे गेलेत, ते वरच्या मजल्यावर. लिफ्ट बसवायचा खर्च एकदाच, पण वीज आणि मेंटेनन्स कायमचं, आणि ते एक वाट्याच्या घरांना झेपणारं नाही. मी म्हटलंय की खालचं घर आणि वरचं घर अदलाबदल करायचं बघू, पाहुण्यांची खोली जोडून द्यायची. सरांना पटलंय, त्यांच्या बाईंना नाही, त्यांची सगळी फुलझाडं वर आहेत. रविवारी बसतोय परत.