आमची वाटचाल: रिवाइंडिंगच्या दुकानापासून घरोघरच्या चार्जरपर्यंत

जळगावात कुणाच्याही पार्किंगमध्ये भिंतीवर ईव्हीचा, म्हणजे विजेवरच्या गाडीचा, चार्जर दिसला की लोक त्याच्यावरचं कंपनीचं नाव वाचतात, मी आधी खाली बघतो, अर्थिंगचा पिट, म्हणजे गळलेली वीज जमिनीत उतरवायचा खड्डा, कुठे काढलाय ते. पिट नसला तर ते काम आमचं नाही, हे न विचारता सांगतो. बरेच जण म्हणतात भाऊ तुमच्या फर्मबद्दल लिहा एकदा, म्हणून लिहायला बसलो. जे झालं ते सगळं सांगणार आहे, काही लोकांना आवडणार नाही, पण नाव कोणाचं घेणार नाही.

सुरुवात वडलांची. मोटार रिवाइंडिंगचं दुकान. यावल-रावेर पट्ट्यातले केळीवाले जळालेल्या सबमर्सिबल मोटारी घेऊन यायचे, पाच एचपी, साडेसात एचपी, आणि संध्याकाळपर्यंत पाहिजे म्हणजे पाहिजेच, कारण उन्हाळ्यात केळीला पाणी चुकलं की बाग बसली. कोअर साफ करणं, कॉइल भरणं, वार्निश मारून भट्टीत सुकवणं, हे सगळं मी शाळेत असतानाच शिकलो. मग वायरमनची परीक्षा, मग कॉन्ट्रॅक्टरचं लायसन, मग बंगल्यांची वायरिंग, डाळ मिलचे पॅनल, स्टार्टर. त्या वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही, काम येत होतं, करत होतो, पोरं शिकत होती.

पण एक वस्तू त्या काळातली आहे ती सांगतोच. भुसावळला रेल्वेतून रिटायर झालेले एक काका होते, त्यांच्याकडून मी हाताने फिरवायचा अर्थ टेस्टर, म्हणजे अर्थिंग किती चांगलं आहे ते मोजायचं यंत्र, घेतला. जड पेटी, पितळी टर्मिनल, सी वन, पी वन, पी टू, सी टू, बाजूला हँडल. लांबची सळई तीस मीटरवर ठोकायची, मधली त्याच्या साधारण बासष्ट टक्क्यांवर, एकाने हँडल एका लयीत फिरवत राहायचं आणि दुसऱ्याने काट्यावर नजर ठेवायची. आता डिजिटल आहेत, आमच्याकडेही आहे, पण नवीन पोराला मी आधी हाच धरायला लावतो. काटा हलत हलत एका जागी थांबतो ना, तेव्हा जमिनीखाली काय चाललंय ते कळतं. आपल्या खान्देशातली काळी जमीन पावसाळ्यात इतकं छान, म्हणजे कमी, रीडिंग देते की कोणीही फसेल, आणि तीच जमीन एप्रिल-मे मध्ये पंचेचाळीस डिग्रीला भेगाळते, माती इलेक्ट्रोडपासून, म्हणजे पिटातल्या धातूपासून, सुटते आणि रीडिंग कुठच्या कुठे वर जातं. म्हणून वैशाखात पाच ओहमच्या खाली आलं तरच मी पिट पास करतो. पावसाळ्यात घेतलेल्या रीडिंगवर सही करणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही.

चार्जरच्या धंद्यात आम्हाला आणलं सावद्याच्या नानांनी. नाना म्हणजे आमचे वडलांच्या वेळचे गिऱ्हाईक, केळीचा मोठा बागाईतदार माणूस. टाटाची नेक्सॉन ईव्ही २०२० च्या जानेवारीत आली, नानांनी पुढच्या वर्षी घेतली. गावात सगळे म्हणाले म्हातारपणी खेळणं घेतलं. नानांचा फोन आला, "भाऊ, पैसे किती लागतील ते नंतर सांग, आधी येऊन बघ, ही गाडी चार्जिंगला लावली की लाल लाइट दाखवून राहिली." जाऊन बघितलं तर घराला अर्थिंग नावालाच होतं, जुनी जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, पट्टी, ती पण गंजून तुटलेली. चार्जर अर्थ तपासतो, नाही मिळाला तर चार्ज करत नाही, आणि बरोबरच करतो. दोन नवीन पिट मारले, मीटरपासून स्वतंत्र केबल ओढली, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), तीस मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की तोडणारा स्विच). लाइट हिरवा झाला तेव्हा नानांनी मला शेवभाजी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. त्यानंतर त्या पट्ट्यात ज्याने ज्याने ईव्ही घेतली त्याला नानांनी आमचाच नंबर दिला.

आता खर्चाचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसवाफसवी इथेच होते. लोक विचारतात चार्जर कितीला. अरे चार्जर हा खर्चातला दिसणारा भाग आहे, खरा पैसा त्याच्या मागे भिंतीत आणि जमिनीत जातो. गाडीसोबत पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा जो चार्जर येतो तो तीन किलोवॅटच्या आसपास, तीस युनिटची बॅटरी त्याच्यावर नऊ-दहा तास घेते, रात्रभर लावली की झालं. रोज शंभर किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याला तो पुरतो, त्याला मी स्वतःहून मोठा चार्जर विकत नाही. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा घेतला तर तेच काम साडेचार-पाच तासात. नेक्सॉन मॅक्स २०२२ च्या मे मध्ये आली तेव्हा ७.२ वाल्यासाठी पन्नास हजार वेगळे होते, लोकांनी पन्नास हजार भरले आणि मग केबलच्या पाच-दहा हजारासाठी माझ्याशी तासभर घासाघीस केली.

हा चार्जर ३२ अँपिअर ओढतो, आणि सलग ओढतो. गिझर पंधरा मिनिटं चालतो म्हणून हलकी वायर निभावून जाते, इथे चार-पाच तास तोच करंट आहे. मीटर पुढच्या गेटला आणि गाडी मागच्या शेडमध्ये, आपल्याकडे चाळीस मीटर सहज होतं. चाळीस मीटरला चार स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर जाडीच्या) तांब्याच्या वायरीत पंधरा व्होल्टच्या आसपास ड्रॉप पडतो, सहाच्या वायरीत आठ-नऊ, दहाच्या वायरीत पाच-सहा. संध्याकाळी आधीच गावात व्होल्टेज खाली असतं, त्यात हे पंधरा गेले की चार्जर कट मारतो आणि मग लोक गाडीला शिव्या देतात. घरी तीन किलोवॅटचा मंजूर भार असेल तर भार वाढवावा लागतो, त्याचं कोटेशन भरा, मग केबल, पिट, आरसीसीबी, मजुरी. आणि जीएसटीची गंमत अशी की १ ऑगस्ट २०१९ पासून चार्जरवर ५ टक्के, पण केबल आणि स्विचगिअरवर १८. जितकं सुरक्षित काम कराल तितका जास्त टॅक्स, हे मला आजही पटत नाही.

सबसिडीबद्दल रोज फोन येतात. घरच्या चार्जरला केंद्राची सबसिडी नाही. ईव्हीसाठीची केंद्राची फेम-२ योजना एप्रिल २०१९ ला सुरू झाली, दहा हजार कोटींची, नंतर ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह, १०,९०० कोटींची, त्यात चार्जिंगसाठी २,००० कोटी, पण ते सार्वजनिक स्टेशनसाठी. इन्कम टॅक्सच्या कलम ८०ईईबी खाली ईव्ही लोनच्या व्याजावर दीड लाखापर्यंत सूट होती ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनलाच. तरी आजही काही एजंट "सबसिडी येईल, आत्ता पूर्ण पैसे भरा" सांगून राहिले आहेत.

आता एका ठेकेदाराचं सांगतो. २०२१ ला राज्याचं ईव्ही धोरण आलं, गाड्या वाढायला लागल्या, तेव्हा बाहेरगावच्या एका मोठ्या ठेकेदार कंपनीने आम्हाला वर्क ऑर्डर दिली, जळगाव-धुळे-नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत गाडी घेणाऱ्यांच्या घरी चार्जर बसवायचे, पर पॉइंट रेट, बिल साठ दिवसात. आम्ही आनंदाने घेतलं. त्या वर्षी तांबं कुठल्या कुठे गेलं होतं, मे महिन्यात जगात टनाला दहा हजार डॉलरच्या वर, इथे केबलचा भाव आठवड्याला बदलायचा, आणि आमचा रेट ऑर्डरवर छापलेला. तरी काम केलं. शहाद्यापासून मुक्ताईनगरपर्यंत पोरं बाइकवर केबलची कॉइल बांधून फिरली. पहिली बिलं आली, मग उशिरा यायला लागली, मग अर्धी यायला लागली. कारण काय तर अर्थिंग स्कोपमध्ये, म्हणजे ऑर्डरमधल्या कामात, नाही. अहो अर्थिंग नसेल तर चार्जर चालूच होत नाही, मग स्कोपमध्ये काय आहे, स्क्रू? फोटो मागितले, फोटो पाठवले, रीडिंगचे कागद मागितले, ते पाठवले, मग साहेब बदलला, नवीन साहेबाने सगळं परत मागितलं.

इकडे घाऊक केबलवाल्याची उधारी डोक्यावर, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, धंद्यासाठीच्या उचलीची) लिमिट भरलेली, दोन पोरं सोडून गेली आणि मी त्यांना थांबा म्हणू शकलो नाही. घरातलं सोनं बँकेत ठेवलं. जळगावच्या माणसाला सोनं गहाण ठेवणं काय असतं ते इथल्यांना वेगळं सांगायला नको.

आणि त्याच वेळी त्या कंपनीने आमच्या निम्म्या रेटमध्ये दुसऱ्या एकाला काम दिलं. तो निम्म्यात कसा करतो ते मला एका गिऱ्हाइकाकडे दुरुस्तीला गेल्यावर दिसलं. चार स्क्वेअरची वायर, पिट नाही, आणि चार्जरच्या आत न्यूट्रलवरून (करंट परत नेणारी वायर) अर्थला लूप, म्हणजे वायरीचा तुकडा, मारलेला. हे ज्यांना कळतं त्यांच्या अंगावर काटा येईल. लूप मारला की चार्जरला अर्थ मिळाल्यासारखं वाटतं, लाइट हिरवा, गिऱ्हाईक खुश, फोटो पास. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीची पूर्ण बॉडी लाइव्ह होते. नानांच्या भाच्याकडे तेच झालं, पहिल्या पावसात ओल्या फरशीवर अनवाणी दरवाजा उघडायला गेला आणि फेकला गेला. वाचला. ज्याने लूप मारला होता त्याने फोन उचलला नाही. मी त्याच दिवशी जाऊन लूप काढला आणि पिट मारेपर्यंत चार्जर बंद ठेवला, पैसे घेतले नाहीत.

आणखी एक उद्योग त्या निम्म्या रेटवाल्याने केला. मळ्यात घर असलेल्यांना तो सांगायचा की शेतीपंपाच्या कनेक्शनवरच चार्जर जोडू, वीज जवळपास फुकट. वीज कायदा २००३ चं कलम १२६ माहीत आहे का? ज्या कामासाठी कनेक्शन त्याच्याशिवाय दुसऱ्या कामाला वापरलं की अनधिकृत वापर, दर दुप्पट, आणि कधीपासून ते सिद्ध झालं नाही तर मागचे बारा महिने धरतात. काही जणांना नोटीस आली. शिवाय शेतीच्या फीडरला (शेतीपंपांच्या वेगळ्या लाइनला) तेव्हा लाइट आठ-दहा तासच होती, ती पण पाळीपाळीने कधी दिवसाची, कधी रात्रीची, गाडी काय पाळी लावून चार्ज करणार?

त्या दिवसात फर्म बंद करायचं जवळपास ठरलं होतं. नानांना कुठून कळलं माहीत नाही. ते दुकानात आले, वडलांच्या जुन्या खुर्चीवर बसले, म्हणाले, "चौघा भावांच्या घरी सोलर आणि चार्जर दोन्ही करायचं आहे, तू एस्टिमेट काढ." काढलं. त्यांनी पूर्ण रक्कम आगाऊ दिली, केळीचे पैसे नुकते आले होते. मी म्हटलं नाना अर्धे द्या, काम झाल्यावर बाकी. "तुझ्या बापाने माझी मोटार रात्री दोन वाजता भरून दिली होती, तेव्हा त्याने आगाऊ मागितलं होतं का?" एवढंच बोलले. त्या पैशात केबलवाल्याचं देणं फिटलं आणि दुकान उघडं राहिलं.

खरं म्हणजे सोलरची वाट पण नानांमुळेच सापडली. चार्जरला सबसिडी नाही पण छतावरच्या सोलरला आहे, फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर, दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला तीस हजार, तीन आणि त्याच्यावर ७८ हजार. तीन किलोवॅट आपल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतं, युनिटला सहा-सात किलोमीटर धरा, सत्तर-ऐंशी किलोमीटर रोजचे निघाले. घरच्या मीटरवर गाडी लावली की ३०० युनिटचा स्लॅब कधी ओलांडला कळत नाही, ५०० च्या वर गेलं की बिल बघून माणूस गाडी विकायला निघतो. सोलर करायचं नसेल तर गाडीसाठी वेगळं कनेक्शन घेता येतं, २०२४ च्या फेब्रुवारीत वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले त्यात ते स्पष्ट लिहिलंय. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन्ही हिशोब एकाच कागदावर लिहून देतो.

त्या कंपनीकडचे पैसे अजून पूर्ण आलेले नाहीत. उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) होतं म्हणून थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार टाकली, मग थोडे आले, बाकीचं चालू आहे. छोट्या धंदेवाल्यांना सांगतो, उद्यम काढून ठेवा आणि प्रत्येक बिलावर तो नंबर छापा. कायद्याने पंचेचाळीस दिवसात पैसे द्यावेच लागतात, करारात साठ लिहिलं असलं तरी, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. वर्क ऑर्डरमध्ये "अर्थिंगसहित" हा शब्द असल्याशिवाय मी आता सही करत नाही, आणि केबलचा भाव कामाच्या दिवशीचा.

सोडून गेलेल्या पोरांपैकी एक परत आलाय, आता धुळ्याची साइट तोच बघतो, पेटीतला टेस्टर त्याच्याकडेच असतो. चार्जर बसवायचा असेल तर आम्हाला बोलवा किंवा दुसऱ्या कोणाला, पण बोलवण्याआधी लाइट बिलावर मंजूर भार किती लिहिलाय तो बघा, मीटरपासून गाडीपर्यंत टेपने मोजा, भिंतीला वळसा धरून, आणि जो येईल त्याला अर्थचं रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला लावा. नाही घेतलं तर पैसे देऊ नका.