मुक्कामी गाडीची पाटी

नाताळच्या आसपास तुम्ही शाळेत काय शिकवता हो, असं पुण्याच्या एका नातेवाइकाने मला विचारलं. त्यांच्या पोरांना दहा दिवस सुट्टी होती, म्हणून सहज विचारलेलं. आम्हा जिल्हा परिषदवाल्यांना सुट्टी फक्त २५ डिसेंबरची. बाकी त्या महिन्यात शिकवणं कमी आणि साजरं करणं जास्त. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ ला जिजाऊ आणि विवेकानंद, मग संक्रांत, मग २६ जानेवारीची कवायत आणि लेझीम, मध्येच केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, क्रीडास्पर्धा. प्रत्येकाचे फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाकायचे. फोटो गेला की उपक्रम झाला, मग पोरांच्या डोक्यात काही गेलं का हे विचारायला कुणी येत नाही.

यातून परिसर अभ्यासाला जे तास उरतात त्यात मी गेली काही वर्षं एकच गोष्ट हट्टाने करतो. सावली मोजतो. यंदा त्यात जे घडलं ते अजून डोक्यातून जात नाही.

शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. गाव नीरा खोऱ्यात, भर उसात. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की ओढ्याच्या कडेला ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि आमच्या पटावर चार-पाच हंगामी नावं चढतात. मूळ शाळेने दिलेलं शिक्षण हमी कार्ड मुलांबरोबर यावं असा नियम आहे. पहाटे ट्रकमध्ये भांडी, शेळी आणि लेकरं भरणाऱ्या आईबापांना त्या कार्डाची आठवण राहत नाही, आणि मूळ शाळेलाही फारशी राहत नसावी. यंदा चौथीच्या वयाची एक मुलगी आली. बीडकडची, शिरूर कासारच्या बाजूची. कडेवर धाकटा भाऊ. अक्षर अक्षर लावून वाचायची. वर्गातली पोरं तिला ‘कोपीवाली’ म्हणायची, हे मला नंतर कळलं. नंतर म्हणजे फार नंतर.

आता सावलीबद्दल. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण हे माझं आवडतं काम आहे.

नळयोजनेचा उरलेला लोखंडी पाईप ऑइलपेंटच्या डब्यात सिमेंट ओतून उभा केलाय. जमिनीपासून बरोबर १०० सेंटिमीटर. ओळंबा लावून सरळ केलेला. शाळेपुढच्या कोब्यावर आधी तांब्याभर पाणी ओतून बघितलं. जिथे पाणी कुठेच पळालं नाही ती जागा घेतली. पहिल्या वर्षी नुसती पाईपची सावली मोजली आणि फसलो. सावलीचं टोक दिसायला टोक, खडू घेऊन बसलं की धुरकट. कुठे संपतं ते दहा पोरं दहा ठिकाणी दाखवतात. दीड-दोन सेंटिमीटरचा घोळ तिथेच. मग वहीच्या पुठ्ठ्याला दाभणाने भोक पाडलं आणि तो पुठ्ठा पाईपच्या डोक्यावर सूर्याकडे कलवून बसवला. आता पुठ्ठ्याच्या सावलीत एक लख्ख ठिपका पडतो. तो सूर्याचाच गोल असतो, जरा लांबट झालेला. त्याभोवती खडूने कडं काढायचं आणि मधोमध टिंब द्यायचं. दोन-तीन मिलिमीटरच्या आत माप येतं. चौथीच्या पोरांनी घेतलेलं.

उत्तर-दक्षिण रेघही आम्ही होकायंत्राने आखत नाही. पाईपभोवती वर्तुळ काढायचं, सकाळी ठिपका त्या वर्तुळावर येतो तिथे एक खूण, दुपारी परत येतो तिथे दुसरी, आणि दोन्हींच्या मधून रेघ. आपल्याकडचं हे जुनं तंत्र आहे. रोज ठिपका त्या रेघेवर आला की एकाने ओरडायचं, दुसऱ्याने खिडकीतून भिंतीवरचं घड्याळ बघायचं, तिसऱ्याने वहीत लिहायचं. ठिपका मिनिटाला अर्धा सेंटिमीटर सरकतो, त्यामुळे वेळ चुकायला फारसा वाव नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

तर वहीत रोज दोन आकडे. १० डिसेंबरला सावली सुमारे ८७ सेंटिमीटर. २२ च्या आसपास साडेअठ्ठ्याऐंशीवर जाऊन चार-पाच दिवस तिथेच घुटमळली. मग उतरणीला लागली. संक्रांतीच्या तोंडावर ८२ च्या जरा वर. सूर्य संक्रांतीला नाही, २२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो, हे पोरांनी कोब्यावर स्वतः बघितलं. दोन्ही दिवस कधीकाळी एकच होते, सतराएकशे वर्षांपूर्वी, मग साधारण बहात्तर वर्षांना एक दिवस असे लांब लांब गेले, हे मी सांगितलं. सरकारी सौर पंचांगात पौषाची १ तारीख २२ डिसेंबरलाच येते, हेही. पोरं खूश, मी त्याहून खूश.

खटकत होता तो वेळेचा रकाना. १० डिसेंबरला १२:२५. २२ ला १२:३०. जानेवारी उजाडला तसे १२:३५, १२:३८. मी म्हटलं घड्याळ पळतंय. सेल बदलून वर्ष झालं होतं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत तक्ता मांडायचा होता, आणि तिथे असे वेडेवाकडे आकडे दिसले की एखादा सहकारी हमखास खोट काढतो. (हेच सहकारी एरवी म्हणतात, चौथीला एवढं कशाला, परीक्षेत कुठे येतं.) म्हणून कार्डशीटवर तक्ता उतरवताना मी वेळेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १२:३० लिहून टाकलं. मोबाईल खिशात होता. घड्याळ त्याच्याशी ताडून बघायला दहा सेकंदसुद्धा लागली नसती.

भोगीच्या दिवशी समारोप घेतला. पोरांच्या डब्यात बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी, सगळा वर्ग घमघमत होता. मी फळ्यावर लिहिलं, २२ डिसेंबर, सर्वांत लहान दिवस. मग विचारलं, त्यानंतर दिवस मोठा होतो, म्हणजे सूर्य काय करतो? उत्तरही मीच दिलं, लवकर उगवतो आणि उशिरा मावळतो. वर्गाने एका सुरात म्हणून दाखवलं.

मागून आवाज आला. “न्हाई गुर्जी. उशिरा उगवतोय.”

मी म्हटलं, अगं, सावली कमी झाली ना?

“सावली झाली. पर उजाडतंय उशिराच.”

कशावरून म्हणतेस, असं विचारल्यावर तिने जे सांगितलं ते असं. स्टँडजवळच्या नळावर ती रोज पाण्याला येते. साडेसहाची मुक्कामी गाडी सुटते तेव्हा ती तिथे असते. आली तेव्हा गाडीची पाटी वाचता यायची. ती रोज वाचायची, एकेक अक्षर. “आता वाचाया येत न्हाई. गाडी नुसती काळी दिसती.”

पुढच्या बाकावरून एकजण म्हणाला, “सर, तिला वाचताच येत नाही.” वर्ग हसला.

मी हसलो नाही, पण हसणाऱ्यांना थांबवलंही नाही. धुकं असेल बाळा, ओढ्याकाठी धुकं पडतं, असं काहीतरी म्हणालो आणि फळा पुसला. ती खाली बसली आणि भावाला भाकरी चुरून देऊ लागली.

त्या रात्री बायकोने पुण्यकाळ किती वाजता ते बघायला सांगितलं. सुगडं पुजायची होती. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वेळ शोधताना शेजारच्या सूर्योदयाच्या आकड्यावर नजर गेली. मग डिसेंबरचं पान उलटलं. मग मोबाईलवर आमच्या गावाच्या वेळा काढल्या. २२ डिसेंबरला सूर्योदय ६:५९, १४ जानेवारीला ७:०७. आणि १० डिसेंबरला, म्हणजे ती नवीन आली होती तेव्हा, ६:५३.

ती म्हणत होती तेच. पंधरा वर्षं मी पोरांना हे चुकीचं शिकवत आलो होतो आणि एकाही निरीक्षणात, एकाही प्रशिक्षणात, पंधरा वर्षांत पुढे गेलेल्या एकाही पोराने मला टोकलं नव्हतं. टोकणार कोण? आम्ही सगळे उजाडल्यावर उठणारे. मी तर तालुक्याहून येतो, गावातले साडेसहा मी कधी बघितलेच नव्हते.

मग वही काढली. कार्डशीट नव्हे, पोरांची वही. १२:२५, १२:३०, १२:३५, १२:३८. सकाळी शाळेत जाऊन घड्याळ मोबाईलशी लावून बघायचं ठरवलं, पण उत्तर तेव्हाच कळलं होतं. घड्याळ बरोबर होतं. मध्यान्हच, म्हणजे ठिपका रेघेवर येण्याची वेळच, पुढे सरकत होती. या दिवसांत एका मध्यान्हीपासून दुसरीपर्यंत चोवीस तास आणि वर जवळजवळ अर्धा मिनिट लागतो. एक तर पृथ्वीचा आस कललेला, त्याचा वाटा मोठा. शिवाय सावित्रीबाईंच्या जयंतीच्या आसपास पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि सर्वांत वेगाने पळते. २२ डिसेंबर ते संक्रांत, अर्धा अर्धा मिनिट साचून अकरा मिनिटं होतात. तेवढ्या काळात आमच्या गावचा दिवस वाढतो फक्त सहा मिनिटांनी, तीन सकाळकडे आणि तीन संध्याकाळकडे. तीन मिनिटं अलीकडे येणार, अकरा पलीकडे जाणार. म्हणजे सूर्य आठ मिनिटं उशिराच उगवणार. वाढलेला सगळा उजेड संध्याकाळच्या पदरात पडतो.

हे सगळं पोरांनी मोजलं होतं आणि मी ते पुसून तिथे १२:३० लिहिलं होतं.

संक्रांतीची सुट्टी झाली. १५ तारखेला शाळेत गेलो, घड्याळ ताडून बघितलं. मोबाईलपेक्षा वीस-पंचवीस सेकंद मागेच. हजेरी घेतली. ती नव्हती. हंगामी चौघंही नव्हती. दुपारच्या सुट्टीत ओढ्याकडे गाडी काढली. कोप्या उतरवलेल्या, बांबू गेलेले, चुलींचे तीन-तीन दगड, पाचटाचे ढीग, एक फाटकी चादर. शेजारच्या शेतकऱ्याने सांगितलं, इकडचे फड संपले, टोळी संक्रांतीच्या रात्रीच दुसऱ्या गटात हलवली.

वर्गाला मी माझी चूक सांगितली. नुसतं सांगून चौथीला कळत नाही, म्हणून पायजम्याची इलॅस्टिकची नाडी आणली. फळ्यावर वेळेची रेघ आखली आणि दोघांना नाडीची टोकं धरायला लावली. आधी ती दोन्हीकडे तीन-तीन बोटं ताणली: हा दिवस वाढला. मग अख्खी नाडी, ताणलेलीच, अकरा बोटं उजवीकडे सरकवली. डावं टोक कुठे आलं बघा. पोरं बघत राहिली. “म्हणजे ती बरोबर होती,” पुढच्या बाकावरचा तोच म्हणाला. मी हो म्हटलं. मग कार्डशीटवरचे १२:३० खोडून वहीतले आकडे लिहिले. तक्ता आता खाडाखोडीचा दिसतो. परिषदेत तसाच नेला; एकाने विचारलं, नवीन करायला वेळ नव्हता का.

मुकादमाचा नंबर मिळवायला चार दिवस गेले. त्याला वाटलं मी पट टिकवायला फोन केलाय. नव्या ठिकाणी शाळा आहे का, तिचं नाव घातलं का, असं विचारलं, तर म्हणाला, “शाळा हाय लांब. पोरगी धाकट्याला संबाळती.” मी म्हटलं, तिला एक निरोप द्या, सरांनी सांगितलंय की सूर्य उशिराच उगवत होता, तू बरोबर होतीस. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “बरं गुर्जी.” मागून कुणीतरी मोळ्या मोजत होतं. निरोप पोचला की नाही, देव जाणे. तिचं कार्ड मी भरून ठेवलंय. शेऱ्याच्या जागेत काय लिहायचं यावर बराच वेळ अडलो, कारण त्या रकान्यात दोन शब्द बसतात. ‘निरीक्षण उत्तम’ लिहिलं. कार्ड कपाटात आहे.

२० जानेवारीला मी तालुक्याहून पहाटेच निघालो आणि सव्वासहाला गावच्या स्टँडवर पोचलो. थंडी मरणाची. नळावर दोन बायका होत्या. मुक्कामी गाडी लिंबाखाली उभी, आतला दिवा बंद. वीस पावलांवरून पाटी वाचायचा प्रयत्न केला. मग दहा पावलांवरून. पाटी आहे एवढंच दिसत होतं.

ड्रायव्हर तंबाखू मळत खाली उतरला. “गुरुजी, यायचंय का?”

म्हटलं, नाही, पाटी वाचतोय.

त्याने एकदा पाटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “लाइट लावू का?”

नको म्हटलं. बरोबर साडेसहाला गाडी निघाली, नुसती काळी.